मालकांच्या नावाचा पोरगा

॥ श्री ॥
माण, ता. मुळशी
शुक्रवार, ६ नोव्हेंबर २००९

चि. सौ. साळूस, गोजराचे आशीर्वाद.

हितं माणमधी सगळी धडधाकट हायेत. तुझ्याकडची खबर कासार आंबोलीहून येणारी-जाणारी माणसं सांगत्यात, म्हणून कळतं की तुझा गुडघा धरलाय आणि तू काळी म्हैस विकलीस. म्हैस चांगली होती. असो.

अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून बघताच फाडू नको. अक्षर माझंच हाय. दादांनी मला दुसरीतनं काढली तवा जेवढं येत होतं तेवढं, आणि पुढं नातीच्या पुस्तकांत डोकावून जेवढं उचललं तेवढं, त्याच्यावरच लिवतीय. उत्कर्षाला सांगितलं असतं, म्हंजे शंभूची पोरगी, आता अकरावीला गेली, तिचं अक्षर लई सुबक हाय. पण हे पत्र दुसऱ्याच्या हातचं चालायचं न्हाई. का ते पुढं येईल.

आधी आनंदाची बातमी. आपण टीव्हीत आलो.

तसं न्हाई, आपली तोंडं न्हाई आली. सांगते. तुला म्हाईत हाय, आमच्या भाताच्या खाचरांत आता काचेच्या इमारती उभ्या हायेत. शंभूनं घरावर माळा चढवला आणि चार खोल्या काढल्या. वर कंपनीतल्या पोरी राहत्यात. त्यातली एक अपूर्वा, लातूरकडची. पोरगी गुणी हाय, पण भात कच्चा ठेवती. सोमवार ते शुक्रवार कंपनीत कॉम्प्युटर बडवती आणि शनिवार-रविवार पुण्याला जाऊन टीव्हीवरच्या एका मालिकेच्या गोष्टी लिहिती. चार-पाच जणं बसून लिवत्यात म्हणे, एका टेबलाला. मी तिला इचारलं, चार जणींनी मिळून एक भाकर थापली तर ती गोल होती का? ती म्हणली, आज्जी, हे वाक्य मी घेऊ का? आणि घेतलं की. जून महिन्यात टीव्हीतल्या म्हातारीच्या तोंडात माझं वाक्य. मी आनंदानं शेजारच्या सारजाबाईला हाक मारली, ती येस्तवर म्हातारी दुसरंच बोलाय लागली.

मालिकेचं नाव 'घर नंबर सव्वासात'. गुरुवारी साडेसातला लागती. मिनी नावाची सोळा वर्षांची पोरगी, तिचे आईबाप, आज्जी, आणि घरात एकच मोरी. पोरापोरींसाठी काढलीय, पण बघत्यात सगळी. दर गुरुवारी घरातलं कोणीतरी घोळ घालतं आणि अर्ध्या तासात निस्तरतं. आपल्या घोळांना एवढ्या लवकर कधी आवरलेलं मी न्हाई बघितलं, पण बघाय बरं वाटतं.

पहिल्याच महिन्यात मिनीनं गणितात नापास झाल्याचा कागद तांदळाच्या डब्यात दडवला आणि आज्जीनं नेमके तेच तांदूळ निवडाय घेतले. साळू, हे आमच्या घरात झालं होतं, दोन वर्षांमागं. उत्कर्षा दोन दिवस अपूर्वाशी बोलली न्हाई. तिसऱ्या दिवशी कॉलेजातनं आली ती मान ताठ करून, मैत्रिणींना सांगितलेलं, ती मिनी म्हंजे मीच. मंग मिनीचा बाप स्कूटरची किल्ली घरभर हुडकतो आणि किल्ली त्याच्याच दातात. शंभू ते बघून म्हणला, काय बावळट माणूस हाय. आमी सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. तो उठून गोठ्यात गेला. गोठ्यात आता गुरं न्हाईत, भाडेकरूंच्या गाड्या असत्यात. तितं जाऊन उभा राहिला.

एवढी मी खूश होते. माझ्या घरातलं खुळेपण साऱ्या महाराष्ट्रानं बघावं आणि हसावं, मला त्यात मान वाटायचा.

त्यात एक गोष्ट मला पहिल्यापासनं खटकायची. कोणी काही बोललं की माणसं हसल्याचा आवाज येतो, पन्नास-साठ जणांचा. मी इचारलं, ही माणसं बसत्यात कुटं? मोरीच्या मागं? उत्कर्षा म्हणली, "कुणी बसत नाही आज्जी, ते हसू आधीच भरून ठेवलेलं असतं. एक माणूस बटण दाबतो." मला धक्काच बसला. म्हंजे ज्यांनी ते हसू दिलं त्यांना म्हाईत पण न्हाई आपण कशाला हसलो. त्यातली काही आता जिती पण नसतील.

पुन्हा भरकटले. म्हशीवरनं आठवलं, तुझ्या नातवंडांना दूध कुटनं येतं आता? बरं ऱ्हाऊ दे.

काल गुरुवार. मालिका संपली की पुढच्या गुरुवारी काय दाखवणार त्याचा तुकडा दाखवत्यात. आमी सगळी बसलो होतो, मी चहा बशीत ओतलेला. तर त्या तुकड्यात टीव्हीतली आज्जी तरुण केलेली. हातात फोन. फोन ठेवती आणि बहिणीला सांगती, "मालकांच्या नावाच्या पोराकडनं होकार आलाय."

हसू झालं.

मंग वीस माणसं नारळ घेऊन एका दारात. आतनं पोरगा बाहेर येतो, बनियनवर, तोंडात ब्रश. तो चुकीचा पोरगा.

पुन्हा हसू झालं, पहिल्यापेक्षा मोठं.

साळू, बशी माझ्या हातात तशीच राहिली. साय धरली चहावर. उत्कर्षा पोट धरून हसत होती, शंभूची बायको हसत होती. तुमच्याकडं पण ही मालिका बघत्यात, सारजाबाईच्या भाचीनं सांगितलं. कालचा तुकडा तू बघितलास का न्हाई मला म्हाईत न्हाई. बघितला नसशील तर येत्या गुरुवारी बघशील. त्याच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडाय पाहिजे. टीव्हीकडनं कळण्यापेक्षा माझ्याकडनं कळू दे.

आता लिवते.

अठ्ठ्याण्णव सालच्या फाल्गुनात तुझ्या साधनाला बघाय दोन पोरं आली होती, दोन्ही कासारसाईची. कार्यक्रम माझ्या घरी केले, कारण त्यांना माण जवळ आणि नात्यात फोन माझ्याकडंच होता. पहिला आला त्याचं नाव आमच्या ह्यांचं. दुसरा हैबतराव, त्याचं नाव आमच्या थोरल्या दिरांचं, जावई झाला म्हणून आता ते तोंडात बसलंय. आपण दोघी तवा हसलो होतो, आठवतं का? तू म्हणलीस, आक्का, तुला दोन्ही नावं घेता यायची न्हाईत, आता जावयाला हाक कशी मारशील? साधनाला पहिला आवडला होता. तिनं तुला सांगितलं, तू मला सांगितलंस.

मंग आठ दिवसांनी फोन आला. पहिल्याच्या चुलत्याचा. पोरगी पसंत हाय, रविवारी नारळ घेऊन या. मी दुसऱ्या दिवशी वडापच्या जीपनं तुझ्याकडं आले. तुझ्या ओट्यावर आठ-दहा माणसं बसलेली, पुरुष माणसं. तू इचारलंस, होकार कोणाकडनं? एवढ्या माणसांत ह्यांचं नाव माझ्या तोंडातनं येईना. 'ह्यांच्या नावाचा' म्हणायची पण लाज वाटली. म्हणून मी म्हणले, "मालकांच्या नावाच्या पोराकडनं."

माझा मालक म्हंजे हे. पण आमच्या घरात गडी, गावकरी, सगळे मालक म्हणायचे ते थोरल्या दिरांना. सातबारा त्यांच्या नावावर. तू पण त्यांना मालकच म्हणायचीस. तू हैबतराव समजलीस. त्यात तुझी काय चूक?

रविवारी तू वीस माणसं घेऊन हैबतरावच्या दारात गेलीस. सुपारी फुटली. मंगळवारी पहिल्याचा चुलता तुझ्या दारात येऊन नको ते बोलला, की जेवण रांधून आमी वाट बघितली. तू शंभर लोकांसमोर मला बोलावून इचारलंस, आक्का, तू कोणाचं नाव सांगितलंस? आणि मी म्हणले, मी ह्यांचं नाव घेऊन सांगितलं. स्पष्ट. तोंडानं. भाचीच्या भल्यासाठी घेतलं. ही बहिरी हाय त्याला मी काय करू.

सगळी म्हणली, गोजराबाईनं भाचीपायी नवऱ्याचं नाव घेतलं, बाईचं काळीज मोठं. आणि तुला बहिरी म्हणाय लागली. मला कळलं, तू पौडला जाऊन कान तपासून आलीस. डॉक्टरनं चांगले सांगितले तरी तुझा तुझ्यावरच इश्वास राहिला न्हाई. हे मला कळूनही मी गप्प बसले.

मी नाव घेतलं न्हाई, साळू. तवा न्हाई, त्याच्या आधी न्हाई, हे गेले त्या दिवशी पण न्हाई. जयसिंग. हे बघ, पहिल्यांदा लिवलं. ज्याचा फोन आला तो पोरगा जयसिंग होता. मी सांगितलं ते मालक. तू ऐकलंस ते मालक. तुझे कान तवाही चांगले होते.

अपूर्वाला ही गोष्ट मीच सांगितली. गेल्या थंडीत पावटे सोलत बसलो होतो. पिरंगुटच्या एका बाईची म्हणून सांगितली. मी पण हसत होते सांगताना. दहा वर्षं छातीवर होतं ते दुसरीच्या नावानं का होईना बाहेर पडलं, म्हणून हलकं वाटलं. आज सकाळी तिला म्हणले, पोरी, ती पिरंगुटची बाई मीच. ती पांढरी पडली. म्हणली, आज्जी, भाग चित्रित झालाय, आता थांबत नाही, मी खोली सोडून जाते. मी म्हणले, खोली कशाला सोडतीस, तू काय केलंस? गोष्ट माझी, हसू त्यांचं.

आता पुढं लिवायचं ते उद्या साधनाला भेटून. तिला आधी सांगाय पाहिजे. नुकसान तिचं झालं.


रविवार, ८ नोव्हेंबर

काल कासारसाईला गेले. एकटीच. शंभूला देवीला जाते म्हणून सांगितलं, एक खोटं आणखी.

तुझी लेक गच्चीवर पापड वाळत घालत होती. मला बघून उठली न्हाई. तिनं माझ्याशी धरलेली अढी न्हाई ती, माहेरच्या कुणालाही बघून ती तशीच बसती, हे मला काल कळलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टीव्हीचं, मालकाचं, फोनचं. सांगताना मी तिच्या हाताकडं बघत होते, तोंडाकडं बघायची छाती न्हाई झाली. हात पापडावर थांबला. मंग ती म्हणली,

"मावशी, म्हणजे आईला तू नाव सांगितलंच नव्हतंस?"

मी म्हणले, न्हाई, जयसिंग असं म्हणलेच न्हाई, मालक म्हणले. तिच्यासमोर दुसऱ्यांदा नाव घेतलं, काही झालं न्हाई, जीभ गळून पडली न्हाई.

ती खाली बसली. आणि तिनं जे सांगितलं ते वाच, साळू, बसून वाच.

लग्नाच्या पंधराव्या दिवशी तिची सासू बोलता बोलता बोलून गेली, की आमी तर फोन केलाच नव्हता. रविवारी सकाळी वीस माणसं नारळ घेऊन दारात आली. सासऱ्याला वाटलं सासूनं होकार कळवला, सासूला वाटलं सासऱ्यानं. दोघं एकमेकांकडं बघत राहिली आणि पाव्हण्यांना पाणी दिलं. दारात आलेल्या नारळाला न्हाई कसं म्हणायचं? हैबतराव ब्रश तोंडात घेऊन खरंच उभा होता. हे अपूर्वाला मी सांगितलं नव्हतं, मला म्हाईतच नव्हतं. तिनं मनानं लिवलं आणि खरं निघालं.

साधना म्हणली, "मला त्या घरानं मागितलंच नव्हतं, मावशी. मी न मागता येऊन पडले, हे घेऊन मी अकरा वर्षं राहिले."

आणि पुढं ती म्हणली, मावशी, तू तर सांगत होतीस की नाव घेऊन स्पष्ट सांगितलं. मंग लोकांना वाटलं आई बहिरी. मला म्हाईत होतं आई बहिरी नाही, परड्यात शेळीनं पाला ओढला तरी घरातनं ओरडायची. मंग मला एकच वाटलं, की आईनं सगळं नीट ऐकलं आणि तरी मला हितं आणून टाकली. ह्या घरचं बागायत बारा एकर, त्या पहिल्याचं चार. आईनं माझा सौदा केला.

साळू, म्हणून ती येत न्हाई. दिवाळीला पोरांची परीक्षा, पंचमीला सासूचं दुखणं, जत्रेला गाडी बंद. मला वाटायचं, सासरची पाठवत न्हाईत. सासरची रोज पाठवतील, तीच यायची न्हाई. तू रात्रंदिस कुढत असशील की लेकीचं काय चुकलं, आपलं काय चुकलं. तुझं काही चुकलं न्हाई. मी लाजले आणि नंतर मी भ्याले, एवढंच झालं. आणि त्यातनं तुला बहिरेपण आलं आणि तिला आई गेली.

मी तिच्या पाया पडाय वाकले. तिनं धरलं. तिच्या डोळ्यांत पाणी न्हाई, उलट तोंड लाल झालेलं. म्हणली, "तुझ्यावर मी नंतर रागावणार आहे, मावशी, सोडणार नाही. पण आधी मला आईकडं जायचंय."

हैबतराव खालनं ओरडला, पाव्हण्या आल्यात तर चहा ठेवू का. ती म्हणली, ठेवा. मंग मला म्हणली, हा माणूस चांगला आहे, झोपेत घोरतो पण चांगला आहे, त्याला पण मी अकरा वर्षं धड बघितलं नाही. जयसिंगचं इचारलं मी. तो म्हणे हिंजवडीला जागा विकून दुबईला जाऊन आला आणि आता टक्कल पडलंय. तवा ती हसली. ते हसू भरून ठेवलेलं नव्हतं, साळू, माझ्या देखत फुटलं.

चहा पिताना तिनं मला बजावलं. तिनं तोंडानं सांगितलं तर तू म्हणशील पोरगी मला बरं वाटावं म्हणून बोलती. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवतीस. म्हणून हे लिवलेलं पाहिजे, माझ्या हातचं, त्यात कोणाचा फोन आला त्याचं नाव घालून. ते मी वर घातलंय. हे पत्र तू चार बायकांना वाचून दाखव, तुझ्या ओट्यावर, जितं मी बोलले होते तितं. माझं नाव घेऊन वाच.

घरी येऊन शंभूला सांगितलं. तो म्हणला, आई, मावशीला मी पण बहिरी म्हणायचो की. मंग म्हणला, पत्र दे, मीच घेऊन जातो, पोस्टानं गुरुवारच्या आत जायचं न्हाई. उत्कर्षाला अजून काही सांगितलं न्हाई. ती गुरुवारी मैत्रिणींना बोलावणार हाय, मिनी बघाय. बोलावू दे. तिला त्या दिवशी सकाळी सांगीन.

तर उद्या सोमवारी शंभू हे घेऊन दारात उभा राहील. त्याला घरात घे, त्याचा दोष न्हाई. जबाबाची घाई न्हाई, न दिलास तरी समजीन.

गुरुवारी दुपारी साधना येतीय, दोन्ही लेकरं घेऊन, मुक्कामाला. हैबतराव सोडाय येणार हाय. तिला पुरणपोळी आवडायची, आता आवडती का ते इचारून घे, मला इचारायचं सुचलं न्हाई. साडेसातला टीव्ही लावायचा का बंद ठेवायचा ते तुमी मायलेकी ठरवा. लावलात तर एक सांगते, तितं हसू येईल तवा ते तुमच्यावर न्हाई. ती म्हातारी मी हाय. तिला हसा.

मी त्या दिवशी येत न्हाई. बोलवायची पण काळजी करू नको. एवढी अकरा वर्षं तुझी लेक तुझ्यापासनं मी दूर ठेवली, आता ती दारात येईल तवा मधी मी नको.

तू मला लहानपणी आक्का म्हणायचीस. आता म्हणायचं का न्हाई ते तुझ्यावर सोपवून,

फोन घेतलेली,
गोजरा